हुकमी जडत्व

सह्याद्रीतल्या एखाद्या घाटात क्षणभर थांबून, दरी ओलांडून जाणाऱ्या उच्चदाबाच्या विद्युत्-वाहिन्यांकडे कोणी निरखून पाहिले, तर जेथे तार मनोऱ्यावरील निरोधकांच्या माळेला आपला भार देते त्या जागेपासून थोड्या अंतरावर, तारेच्या खालच्या अंगाला, एक लहानसे उपकरण पकडीने घट्ट बसविलेले त्याच्या ध्यानात येईल. अनेक पोलादी तारांना पीळ देऊन केलेला एक आखूड, ताठर दोर, त्याच्या मध्यावर ती पकड आणि दोन्ही टोकांना दोन लोखंडी वजने, एवढाच त्याचा प्रपंच. वीज वाहून नेण्याच्या कामी त्याचा काडीचाही उपयोग नाही. पण ते नसते तर ती तार पकडीपाशी एकेक पेड तुटत जाऊन कधी ना कधी जमिनीवर आली असती. याला कारण वारा, आणि तोही वादळी वारा नव्हे. वादळाचा हिशेब मनोऱ्याच्या बांधणीतच केलेला असतो. घातक ठरतो तो मंद, एकसारखा वाहणारा वारा. कारण गोल तारेला वळसा घालून जाताना त्याचे लहान लहान भोवरे आळीपाळीने तारेच्या वरच्या व खालच्या अंगाने सुटत राहतात आणि त्या पाठोपाठच्या हिसक्यांनी तार थरथरू लागते. तारेचा व्यास ३ सेंटिमीटर आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मीटर धरला, तर ही कंपने सेकंदाला सुमारे २० होतात, म्हणजे एका अहोरात्रात १७ लाखांवर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यांची संख्याही दुप्पट. एवढ्या वेळा वाकविल्यावर कोणताही धातू थकतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील एका वीज कंपनीत नोकरीस असलेल्या जॉर्ज स्टॉकब्रिज या अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात यावर जी तोड काढली, ती आजही त्याच्या नावाने जगभरच्या तारांवर लटकत आहे. तार हलू लागली की ती दोन वजने आपल्या जडत्वामुळे मागे रेंगाळतात, त्यांना धरणारा दोर वाकतो, दोराचे पेड एकमेकांवर घासतात आणि वाऱ्याने तारेला दिलेली ऊर्जा त्या घर्षणातून उष्णतेच्या रूपाने निघून जाते.

कंपनाला कंपनानेच आवरण्याची ही युक्ती स्टॉकब्रिजच्याही आधीची आहे. हांबुर्ग येथील जहाजबांधणीच्या व्यवसायात मोठ्या अधिकारावर असलेल्या हेरमान फ्राम या जर्मन अभियंत्याने १९०९ साली तिच्या एकस्वाचा अर्ज अमेरिकेत केला आणि १९११ साली त्याला ते मिळाले. फ्रामचे म्हणणे थोडक्यात असे की, एखादे यंत्र ठरावीक गतीने थरथरत असेल, तर त्याला स्प्रिंगेने एक लहानसे वजन जोडावे आणि त्या वजनाची स्वतःची कंपनसंख्या यंत्राला हलविणाऱ्या बळाच्या कंपनसंख्येशी तंतोतंत जुळवावी. मग ते वजन अशा बेताने डोलू लागते की त्याच्या स्प्रिंगेचा यंत्रावरील ताण आणि यंत्राला हलविणारे बळ हे प्रत्येक क्षणी समान व परस्परविरुद्ध राहतात, यंत्र जागच्या जागी स्तब्ध होते आणि त्याची सारी अस्वस्थता ते चिमुकले वजन आपल्या अंगावर घेते. प्रयोगशाळेत हा प्रकार पाहणाऱ्याला पहिल्या वेळी हातचलाखीचा संशय आल्यावाचून राहत नाही. विद्युत् चलित्र तेवढ्याच वेगाने फिरत असते, त्याखालची तुळई मघापर्यंत कडकडत असते, आणि टोकाला वजन बसविलेली एक पातळ पट्टी तिला जोडताच तुळई गप्प होऊन ती पट्टी मात्र डोळ्यांना दिसेनाशी होईल इतक्या जोराने फडफडू लागते.

या व्यवहारात एक मेख आहे, आणि पुढच्या शंभर वर्षांचा सारा उद्योग त्या मेखेभोवती फिरतो. फ्रामचे वजन एकाच सुराला ओळखते. समजा, मिनिटाला १००० कंपनांवर अडचणीत येणारे एक यंत्र आहे आणि त्याला त्याच्या वजनाच्या एक-विसांश वजनाचा शोषक १००० वरच जुळवून बसविला. बरोबर १००० वर यंत्र निश्चल होते खरे; परंतु गणित असे सांगते की, पूर्वी जो एक धोक्याचा वेग होता त्याच्या जागी आता दोन उत्पन्न झाले आहेत, एक ८९४ च्या सुमारास आणि दुसरा १११८ च्या सुमारास. यंत्राचा वेग तेवढा इकडेतिकडे सरकला की रक्षक म्हणून नेमलेला तो शोषकच यंत्राला अधिक हलवू लागतो. जावा बेटात जन्मलेला आणि अमेरिकेत नावारूपास आलेला डच अभियंता याकोब डेन हार्टोख आणि त्याचा सहकारी ऑर्मंडरॉइड यांनी १९२८ साली या प्रश्नाची शास्त्रशुद्ध तड लावली. स्प्रिंगेच्या जोडीला योग्य तेवढे अवमंदन, म्हणजे हालचालीला खाऊन टाकणारा एखादा घर्षणाचा किंवा घट्ट तेलाचा अडसर, ठेवला तर दोन्ही शिखरे बुटकी होतात, हे त्यांनी दाखविले. परंतु किती बुटकी? वरच्याच उदाहरणात, म्हणजे शोषकाचे वजन एक-विसांश असताना, सर्वोत्तम जुळणी करूनही स्थिर बळाने जेवढे विचलन झाले असते त्याच्या सुमारे ६.४ पटींपर्यंत यंत्र हलतेच. आणि शोषक एक-शतांश वजनाचा ठेवला तर हा आकडा १४ पटींवर जातो. सबब, निश्चिंती हवी असेल तर वजन वाढवा, असा या विद्येचा रोखठोक तगादा आहे.

वजन वाढविणे म्हणजे काय, हे उंच इमारतींच्या माथ्यावर पाहावे. तैवानची राजधानी ताइपे येथील ५०८ मीटर उंचीच्या इमारतीत, ८७ व्या आणि ९२ व्या मजल्यांच्या दरम्यान, ६६० टनांचा आणि साडेपाच मीटर व्यासाचा एक पोलादी गोळा दोरखंडांनी टांगलेला आहे. तो अखंड ओतलेला नाही. एवढे ओझे त्या उंचीवर एकसंध नेणे अशक्यच होते, म्हणून साडेबारा सेंटिमीटर जाडीच्या ४१ चकत्या एकावर एक रचून तो तेथेच जोडला. २०१५ सालच्या एका तुफानात तो मध्यापासून सुमारे एक मीटर सरकला होता. न्यूयॉर्कमधील सिटीकॉर्पच्या इमारतीत १९७७ साली सुमारे ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा तेलाच्या पातळ थरावर तरंगत ठेवला गेला, आणि त्याच्यापायी या शास्त्राला एक अनपेक्षित धडा मिळाला. पुढल्याच वर्षी त्या इमारतीचा अभियंता विल्यम लेमेझुरियर याला आपल्या बांधणीत एक गंभीर उणीव आढळली. इमारत कोसळविण्याइतके वादळ, तो ठोकळा काम करीत असेल तर सरासरीने ५५ वर्षांतून एकदा यावे. पण ठोकळा बंद असेल तर तेच संकट १६ वर्षांतून एकदा. आता तेलाचा थर दाबाखाली ठेवणारे पंप विजेवर चालणारे, आणि न्यूयॉर्कला वादळ आले की सर्वांत आधी जाते ती वीज. सांधे पोलादी पट्ट्या वितळजोडाने बसवून रात्रीबेरात्री मजबूत करण्यात आले आणि अनर्थ टळला. तथापि ज्या उपकरणाची गरज संकटकाळी पडायची, ते बाहेरच्या शक्तीवर किती विसंबून असावे, हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्रातील प्रत्येक आराखड्याला विचारला जाऊ लागला.

वजनाचा तगादा चुकविण्याचा मार्ग निघाला तो विमानविद्येत, कारण तेथे प्रत्येक किलोग्रॅमचा जमाखर्च ठेवावा लागतो. हेलिकॉप्टरच्या पंख्याची प्रत्येक पाती फेरीगणिक सांगाड्याला एक धक्का देते. चालक आणि उतारू यांची हाडे खिळखिळी करणारा हा त्रास पंख्यापासूनच तोडावा म्हणून अमेरिकेतील कामान कंपनीच्या विल्यम फ्लॅनेली याने १९६० नंतरच्या दशकात एक तरफ वापरली. तरफेच्या आखूड बाजूला सांगाडा व गतिपेटी, आणि लांब बाजूच्या टोकाला एक लहान वजन. आखूड टोक एक भाग हलले की लांब टोक, समजा, दहा भाग हलते. त्यामुळे तेथील वजनाचे त्वरण दहापट होते आणि त्याने निर्माण केलेले बळ तरफेतून परतताना पुन्हा दहापट होते. म्हणजे एक किलोग्रॅमचे वजन शंभर किलोग्रॅमसारखे वागते. गुणोत्तराचा वर्ग होतो, हाच या साऱ्या विद्येचा प्राण समजावा. पुढे बेल कंपनीच्या डेनिस हॅल्वेस याने तरफ काढून टाकून त्या जागी द्रव घातला. रुंद पोकळीतला पारा अरुंद नळीतून जाताना अर्थातच अधिक वेगाने धावतो, आणि क्षेत्रफळांचे गुणोत्तर तरफेच्या गुणोत्तराचे काम करते. आपल्याकडील ध्रुव हेलिकॉप्टरमध्येही गतिपेटी आणि सांगाडा यांच्यामध्ये याच तत्त्वाची, प्रतिअनुस्पंदनावर, म्हणजे हलविणारे बळ आणि वजनाचे जडत्व-बळ एकमेकांना छेदण्यावर, चालणारी विलगन-व्यवस्था बसविलेली आहे.

मात्र या उपकरणांकडे स्वतंत्र, अव्वल दर्जाचा घटक म्हणून पाहण्याची दृष्टी आली ती २००२ साली केंब्रिज विद्यापीठाच्या माल्कम स्मिथ यांच्या एका निबंधाने. यंत्रविद्या आणि विद्युत्-विद्या यांच्यात एक जुने साम्य मांडले जाते: बळ म्हणजे प्रवाह, वेग म्हणजे विभव, स्प्रिंग म्हणजे वेटोळे, अवमंदक म्हणजे रोधक आणि वस्तुमान म्हणजे धारित्र. स्मिथ यांनी असे ध्यानात आणून दिले की, हे साम्य एका ठिकाणी लंगडते. धारित्राला दोन टोके असतात आणि ती मंडलात कोठेही जोडता येतात. वस्तुमानाला मात्र हाताशी येणारे टोक एकच, दुसरे कायमचे पृथ्वीशी बांधलेले, कारण त्याचे त्वरण पृथ्वीच्या अपेक्षेने मोजावे लागते. मग दोन टोकांचे, ज्यातील बळ त्या दोन टोकांच्या परस्परसापेक्ष त्वरणाच्या प्रमाणात असेल असे उपकरण का असू नये? त्यांनी त्याला इनर्टर हे नाव दिले आणि त्याचे माप किलोग्रॅममध्येच ठेवले, कारण परिमाणे तीच निघतात. बांधणी अगदी साधी आहे. एका टोकाला मळसूत्र, दुसऱ्या टोकाच्या नळीत त्याची चाकी, आणि चाकीला जडविलेले एक गतिपालक चक्र. टोके जवळ आली किंवा लांब गेली की चक्र फिरते. आता आकडे घालून पाहू. चक्राचे वस्तुमान १ किलोग्रॅम, त्याची परिभ्रमण-त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि मळसूत्र एका फेऱ्यात २ सेंटिमीटर सरकणारे असे धरले, तर दोन टोकांमध्ये सुमारे २४७ किलोग्रॅमचे जडत्व अनुभवास येते. तराजूत टाकले तर हे सारे उपकरण फार तर दोनतीन किलो भरावे!

विद्यापीठातील कल्पनेला बाजारात येण्यास बहुधा एक पिढी लागते. येथे तीन वर्षेही लागली नाहीत. शर्यतीच्या मोटारींचे टायर म्हणजे फार कमी अवमंदन असलेल्या स्प्रिंगाच, त्यांच्यावर मोटार उसळत राहिली की रस्त्यावरची पकड सैल होते. मॅक्लारेन संघाने गुप्तता राखून हे उपकरण आपल्या मोटारींत बसविले, त्याला जे-डॅम्पर असे फसवे नाव दिले, आणि २००५ सालची स्पेनमधील ग्रां प्री शर्यत किमी रायकोनेन याने त्याच मोटारीतून जिंकली. पुढे मॅक्लारेनच्या कागदपत्रांतील काही माहिती रेनो संघाच्या हाती लागल्याचे प्रकरण २००७ साली नियामक मंडळापुढे गेले, तेव्हा असे उघड झाले की रेनोच्या मंडळींनी आराखडा पाहिला होता, परंतु त्यांना उपकरणाचा उलगडाच झाला नव्हता. ते त्याला साधा वस्तुमान-शोषक समजून त्याच्या कायदेशीरपणाबद्दल पृच्छा करीत बसले. चोरीचा माल हाती येऊनही तो कशाचा हे न कळावे, याहून त्या कल्पनेच्या नावीन्याची अधिक चांगली सनद कोणती?

येथवर जडत्व स्वस्त झाले. पण ते अजून हुकमी झाले नव्हते. मळसूत्र एकदा कापले की २४७ चा आकडा कायम झाला, आणि वारा, वाहनाचा भार, यंत्राचा वेग हे तर क्षणोक्षणी बदलणारे. जडत्व बदलण्याचा पहिला उपाय डोळ्यांसमोरच आहे: चक्रावरील वजने सरकती ठेवावीत. वरच्या उदाहरणात परिभ्रमण-त्रिज्या ५ वरून १० सेंटिमीटर केली की जडत्व चौपट होऊन ९८७ किलोग्रॅमच्या घरात जाते. दुसरा उपाय मळसूत्र आणि चक्र यांच्यामधील गुणोत्तरच बदलते ठेवण्याचा. दोन्ही उपाय यांत्रिक आहेत आणि दोन्हींत चलित्रे, सरकपट्ट्या, दाते असा बराच लवाजमा येतो. तो लवाजमा कमी करण्यासाठी ज्या पदार्थांना आज ‘स्मार्ट’ म्हणतात त्यांना पाचारण करण्यात आले. हे विशेषण मला फारसे रुचत नाही. या पदार्थांना अक्कल मुळीच नसते, त्यांना आज्ञाधारकपणा मात्र असतो, आणि अक्कल कोणती आज्ञा केव्हा सोडावी हे ठरविणाऱ्याकडे असावी लागते. आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. कोणताही पदार्थ आपले वस्तुमान बदलून देत नाही. हे पदार्थ बदलतात ती स्थितिस्थापकता, अवमंदन आणि दोन भागांमधील बंधनाची घट्टता. जडत्व बदलल्याचा अनुभव येतो तो त्या बदलांच्या द्वारे.

यांतील सर्वांत करामती पदार्थ म्हणजे चुंबकाने घट्ट होणारा द्रव. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील जेकब रॅबिनो याने १९४८ च्या सुमारास तो केला. हा खारकोव्हमध्ये जन्मलेला आणि लहानपणीच देशोधडीला लागून अमेरिकेत पोहोचलेला मनुष्य पुढे दोनशेहून अधिक एकस्वांचा धनी झाला. त्याचा द्रव म्हणजे तेलात कालविलेली शुद्ध लोखंडाची भुकटी. कण काही मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे केसाच्या जाडीहून किती तरी बारीक. काचेच्या कुपीत तो काळपट, जरा दाट तेलासारखा हलतो. कुपीला चुंबक लावला की क्षणार्धात त्यातील कण चुंबकीय रेषांच्या दिशेने साखळ्या धरतात, आणि मघाशी ओघळणारा द्रव लोण्याच्या गोळ्यासारखा आपला आकार धरून बसतो. चुंबक दूर केला की पुन्हा पूर्ववत्. या अवस्थांतराला काही सहस्रांश सेकंद पुरतात, आणि पूर्ण क्षेत्रात तो ५० ते १०० किलोपास्कल इतका ताण सोसून मगच सरकू लागतो. त्याच काळात विलिस विन्स्लो या दुसऱ्या अमेरिकन संशोधकाने विद्युत्-क्षेत्राने घट्ट होणारा द्रव शोधला होता. परंतु त्याला हजारो व्होल्ट लागतात आणि त्याचे बळ चुंबकी द्रवाच्या मानाने फारच तोकडे पडते. चुंबकी द्रवाला मोटारीच्या बॅटरीवरील एकदोन अँपिअर प्रवाह चालतो. या एका व्यावहारिक फरकाने स्पर्धेचा निकाल लागला, असे म्हणण्यास हरकत नाही.

रॅबिनोने हा द्रव मुळात क्लचसाठी योजला होता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. मळसूत्राची चाकी आणि गतिपालक चक्र यांच्यामध्ये असा चुंबकी क्लच बसविला, तर प्रवाह नसताना चाकी एकटीच फिरते आणि उपकरणाला नगण्य जडत्व असते. प्रवाह सोडला की चक्र तिच्या मागे ओढले जाते आणि जडत्व एकाएकी अंगावर येते. मधल्या अवस्थेत द्रव थोडा सरकतो, थोडा धरतो, म्हणजे जडत्व आणि अवमंदन यांचे मिश्रण मिळते. हॅल्वेसच्या पद्धतीने लांब, अरुंद, नागमोडी नळीतून द्रव धाववून जडत्व मिळविण्याच्या उपकरणांतही हाच द्रव भरून नळीच्या तोंडाशी चुंबकी झडप ठेवता येते. तेथे हिशेब असा: नळीतील द्रवाचे वस्तुमान अर्धा किलोग्रॅम आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ नळीच्या ५० पट असेल, तर जडत्व १२५० किलोग्रॅमचे होते. परंतु लोखंडाची भुकटी घातलेले तेल अरुंद नळीतून सुखासुखी धावत नाही. चिकटपणा इतका आडवा येतो की जडत्वाचा लाभ घर्षणाच्या खात्यात जमा होतो. म्हणून पारा किंवा पातळ तेल जेथे चालते तेथे भुकटीचा हट्ट धरू नये आणि चुंबकी द्रवाला झडपेपुरती, क्लचपुरती जागा द्यावी, असे माझे मत आहे.

तीच भुकटी तेलाऐवजी रबरात घातली तर? रबर पिकत असताना त्यावर चुंबकीय क्षेत्र ठेवले की कण साखळ्या धरतात आणि रबर घट्ट झाल्यावर त्या कायमच्या कोंडल्या जातात. असे रबर क्षेत्रात ओघळत नाही, कडक मात्र होते. फ्रामच्या शोषकातील स्प्रिंगेच्या जागी ते बसविले की प्रवाह कमीजास्त करून शोषकाचा सूर हवा तेथे नेता येतो. फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत या शतकाच्या आरंभी असे शोषक करून पाहिले गेले. चीनमधील हफै येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात २००६ साली केलेल्या एका शोषकाचा सूर सेकंदाला सुमारे ५५ कंपनांपासून ८२ पर्यंत सरकविता आला. कंपनसंख्या ताठरतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा याचा अर्थ तो रबरी भाग सव्वादोन पटींच्या आसपास ताठर झाला. त्यातील एक सुबक तजवीज अशी की, क्षेत्र उत्पन्न करणारे वेटोळे व त्याचा लोखंडी गाभा हेच शोषकाचे डोलणारे वजन करता येते, म्हणजे यंत्रावर वेगळे ओझे चढत नाही.

निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची कथा वेगळी आहे. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या आसपास विल्यम ब्यूलर याच्या हाताखाली तो तयार झाला. एका बैठकीत नागमोडी घड्या घातलेली त्याची पट्टी हातोहात फिरत असता कोणीतरी तिला पाइप पेटविण्याच्या लायटरची आच दिली आणि पट्टी आपोआप सरळ झाली, तेव्हा त्याच्या स्मृतीचा थांग लागला. तापविल्यावर त्याची ताठरता दुपटीतिपटीने वाढते, म्हणून त्याच्या तारा स्प्रिंग म्हणून वापरून प्रवाहाने तापविल्या की शोषकाचा सूर चढतो. परंतु तापविणे जलद होते, निवविणे आपल्या हाती नसते. सेकंदासेकंदाला बदलणाऱ्या कंपनाशी या धातूची गाठ घालणे म्हणजे कंपनावर अन्याय आणि धातूवरही. त्याचा खरा उपयोग इटलीतील असिसी येथे झाला. १९९७ च्या भूकंपात हादरलेल्या सेंट फ्रान्सिसच्या मंदिराची डागडुजी करताना छत व भिंती यांच्यातील सांध्यांत हा धातू घातला गेला, आणि तेथे त्याला कोणतीही आज्ञा द्यावी लागत नाही. अधिक ताण आला की तो स्वभावतःच लवतो आणि ताण सरला की मूळ पदावर येतो.

माझ्या मते सर्वांत रमणीय प्रकार मात्र दाबविद्युत् स्फटिकांचा आहे. प्येर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखविले की काही स्फटिक दाबले असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्-भार उत्पन्न होतो. उलटपक्षी, त्यांना विभव दिला असता ते आकुंचन-प्रसरण पावतात. अशा पदार्थाची पातळ चकती थरथरणाऱ्या पत्र्याला चिकटविली की पत्र्याची यांत्रिक ऊर्जा विद्युत् रूपाने तारांत उतरते. १९९१ साली हॅगुड आणि फोन फ्लोटो यांनी सविस्तर मांडले की, त्या तारांच्या टोकांना एक वेटोळे आणि एक रोधक जोडावा. चकती स्वतः धारित्र असल्याने मंडलाला स्वतःची कंपनसंख्या प्राप्त होते, ती पत्र्याच्या कंपनसंख्येशी जुळविली की फ्रामचा शोषकच तयार होतो, फक्त त्यातील डोलणारे वजन म्हणजे वेटोळ्यातील प्रवाहाचे जडत्व! येथे एक किलोग्रॅमही टांगावा लागत नाही. किंमत निराळ्या नाण्यात द्यावी लागते. चकतीची धारकता १०० नॅनोफॅरड आणि कंपने सेकंदाला ५० असतील, तर १०१ हेन्रीचे वेटोळे हवे. आणि खरोखरीच तांब्याच्या तारेचे तेवढे वेटोळे करावयाचे तर ते त्या पत्र्याहून जड होण्याची धास्ती. म्हणून इलेक्ट्रॉनिक मंडलांनी वेटोळ्याची नक्कल करण्यात येते, आणि नकली वेटोळ्याची मोठी सोय अशी की एक रोधक फिरवून त्याचे मूल्य हवे तितके बदलता येते. जडत्व हुकमी झाले म्हणावे ते येथे, अक्षरशः खुंटी पिळण्याइतके.

हे सारे पाहिल्यावर एक शंका वाजवी ठरते: एवढ्या खटाटोपापेक्षा कंपनाच्या विरुद्ध थेट बळच का लावू नये? काही ठिकाणी तसे करतातही. पण बळ लावणारी यंत्रणा ऊर्जा ओतते, आणि तिला मिळणाऱ्या खबरेत थोडी चूक किंवा थोडा विलंब झाला की ती कंपन आवरण्याऐवजी वाढवू लागते. गुणधर्म बदलणारी यंत्रणा फार तर निरुपयोगी ठरेल, पण कंपनाला खतपाणी घालणार नाही, आणि वीज गेली तरी एक साधा अवमंदक म्हणून उरेल. लेमेझुरियरला १९७८ साली हीच खात्री हवी होती. डीन कार्नोप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली यासाठी जो नियम सांगितला तो आजही प्रमाण मानतात: वाहनाचा वेग आणि चाकाच्या अपेक्षेने त्याचा वेग हे एकाच दिशेचे असतील तेव्हा अवमंदक कडक करा, विरुद्ध दिशांचे असतील तेव्हा सैल सोडा. २००१ साली टोकियोतील विज्ञान-संग्रहालयाच्या इमारतीत ३० टन बळाचे दोन चुंबकी अवमंदक बसले, २००२ साली चीनमधील दोंगतिंग सरोवरावरील पुलाच्या तिरप्या दोरखंडांना ते लागले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींतून ते सामान्य गिऱ्हाइकाच्या वाट्याला आले. मोटारीत द्रव रोज घुसळला जातो. इमारतीत मात्र तो भूकंपाची वाट पाहत वर्षानुवर्षे निपचित राहतो, आणि लोखंड तेलापेक्षा आठ-नऊपट जड असल्यामुळे भुकटी तळाशी बसते. म्हणूनच या द्रवांच्या दर्जाची कसोटी त्यांच्या बळात जेवढी, तेवढीच तळाशी बसलेला साका किती सहज पुन्हा कालवला जातो यात असते.

राहता राहिला प्रश्न शोषकाला आपला सूर चुकला हे कळावे कसे, याचा. यंत्राची कंपनसंख्या मोजून मग तक्त्यावरून प्रवाह ठरविता येतो, पण तक्ता तापमानाने आणि रबराच्या वयाने खोटा पडतो. त्याहून पक्की रीत अशी आहे की, एक त्वरणमापक यंत्रावर आणि एक शोषकाच्या वजनावर बसवावा, दोघांच्या खुणा क्षणोक्षणी एकमेकांनी गुणाव्यात आणि गुणाकाराची सरासरी काढावी. सूर नेमका जुळला असता वजनाची हालचाल यंत्राच्या हालचालीच्या पाव आवर्तनाने मागे असते आणि ही सरासरी शून्य येते. ती धन निघाली तर शोषक ताठर आहे, ऋण निघाली तर सैल आहे. पहिल्या प्रसंगी प्रवाह थोडा उतरवावा, दुसऱ्या प्रसंगी थोडा चढवावा. यासाठी यंत्राचे वजन किती, ते कोणत्या वेगाने चालले आहे, किंवा रबर नवे आहे की जुने, यांपैकी काहीही माहीत असावे लागत नाही.